सिनेमाचं ९.६ रेटिंग खरं की पेरलेलं?

प्रश्न नागभीड तालुक्यातून आला आहे. थोडक्यात असा: "आपल्या भागातले काही कलावंत असलेला एक मराठी सिनेमा लागला. पहिल्याच आठवड्यात रेटिंग ९.६ दिसत होतं, म्हणून घरचे पाच जण नागपूरला जाऊन पाहून आलो. सिनेमा यथातथाच निघाला. आता गावातली पोट्टी सांगतात की टेलिग्रामवर सिनेमाला दहा तारे दिले की पैसे मिळतात. हे रेटिंग खोटं असतं का? ओळखायचं कसं? आणि पोरांनी हे काम करावं का?"

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच अंगाशी येणारा आहे. पोरांनी हे काम करू नये, आणि करत असतील तर आजच थांबवावं. हाती येणारे पैसे किरकोळ असतात आणि मागे लागणारं झेंगट मोठं. ते कसं लागतं ते पुढे नीट सांगते. त्याआधी रेटिंगचं बघू.

ऑनलाइन परीक्षणं आणि रेटिंग तपासणं हा माझा व्यवसाय. आधी पुण्यात राहून करायचे, आता ब्रह्मपुरीत घरूनच करते. कुठलं मत सिनेमा पाहून आलेल्या माणसाचं आणि कुठलं विकत घेतलेलं, हे शोधण्यात माझा दिवस जातो.

तुमचा ९.६ हा आकडाच आधी तपासा. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या आणि रेटिंगच्या संकेतस्थळाच्या 'टॉप २५०' यादीत वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर असलेल्या 'द शॉशँक रिडेम्प्शन'चं रेटिंग ९.३ आहे. जगभरातल्या लाखो लोकांनी डोक्यावर घेतलेला सिनेमासुद्धा साडेनऊला पोचत नाही, कारण माणसं एकमताची नसतात. दहा जणांनी एकच सिनेमा पाहिला तर एखाद्याला तो लांबलेला वाटतो, एखाद्याला गाणी नको होतात. पाहणारे वाढले की सरासरी आपोआप खाली येते आणि सहा ते आठच्या मध्ये कुठेतरी स्थिरावते. म्हणून ९.६ दिसलं की त्याच्या शेजारी किती मतं आहेत ते वाचायचं. चाळीस-पन्नास मतं असतील तर तो आकडा बहुतेक वेळा सिनेमाच्या चमूचा आणि त्यांच्या घरच्यांचा असतो. त्यांचं कौतुक खोटं नसतं, पण ते प्रेक्षकांचं मत नव्हे.

मराठी सिनेमा या खेळात सगळ्यात सोपं सावज ठरतो. समजा, एका सिनेमाला ४०० लोकांनी मत दिलं आणि सरासरी ६.२ आली. कुणी २०० खाती लावून प्रत्येकी १० गुण टाकले, की सरासरी ७.५ च्या घरात जाते. तीच २०० खाती लाखभर मतं असलेल्या हिंदी सिनेमाला लावली तर आकडा जागचा हलत नाही. मोठ्या सिनेमाचं रेटिंग हलवायला मोठा खर्च लागतो. आपल्या सिनेमाचं थोडक्या पैशात हलतं, आणि तेवढ्याच पैशात ते पाडताही येतं. प्रतिस्पर्धी सिनेमाला एक-एक तारा देण्याची कामंही घेतली जातात, हे विसरू नका.

संकेतस्थळं यावर स्वस्थ बसलेली नाहीत. आयएमडीबी सरळ सरासरी छापत नाही, भारित सरासरी छापते. मतं सगळी स्वीकारते, पण सगळ्यांचं वजन सारखं धरत नाही. टॉप २५० साठी तर किमान २५,००० मतांची अट आहे आणि नियमित मत देणाऱ्यांचीच मतं मोजली जातात. त्यामागची युक्ती अशी की कमी मतांच्या सिनेमाचा गुण एकूण सरासरीकडे ओढून धरायचा. आकडे माझ्या मनाचे घेते: ४० जणांनी सगळे दहाच दिले, एकूण सरासरी ६.५ धरली आणि त्या सरासरीला ५०० मतांचं वजन दिलं, तर उत्तर १० येत नाही, ६.७६ येतं. खूप लोकांनी पाहून मत दिल्याशिवाय गुण वर चढतच नाही. ही पद्धत वापरणाऱ्या जागी छोटा फुगवटा टिकत नाही. पण सरळ सरासरी छापणाऱ्या जागा आजही पुष्कळ आहेत, आणि पोस्टरवर नेमका त्यांचाच आकडा झळकतो.

आता ओळखायचं कसं. घरबसल्या करता येण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे सरासरी सोडून मतांची वाटणी पाहणं, म्हणजे १ ला किती, २ ला किती, असं १० पर्यंत. आयएमडीबीवर रेटिंगवर बोट ठेवलं की ते खांब दिसतात. निवांत पाहिलेल्या सिनेमाचे खांब साधारण ६, ७, ८ वर उंच असतात आणि दोन्ही टोकांना उतरतात. दहाचा खांब ताडासारखा उभा, खाली एकचा खांब, आणि मधला सगळा भाग रिकामा असं दिसलं तर काहीतरी शिजलं आहे.

पण इथे घाई करू नका. टोकाची मतं देणारी माणसं खरीही असू शकतात. २०१४ च्या 'गुंडे' या हिंदी सिनेमाचं रेटिंग आयएमडीबीवर तळाला गेलं, कारण १९७१ च्या युद्धाचं चित्रण न पटलेल्या बांगलादेशातल्या लोकांनी ठरवून एक-एक तारा दिला. खाती खरी, राग खरा, पण ते सिनेमाचं मूल्यमापन होतं असं म्हणता येणार नाही. २०१६ साली आर्मेनियन नरसंहारावरच्या 'द प्रॉमिस' या सिनेमाचे टोरांटो महोत्सवात मोजके खेळ झाले, आणि सिनेमा सर्वत्र प्रदर्शित व्हायच्या कितीतरी आधी आयएमडीबीवर त्याला हजारो मतं पडली, बहुतेक १ किंवा १०. थिएटरात तेवढ्या खुर्च्याच नव्हत्या. एवढ्यावरून मतं न पाहता दिलेली आहेत इतकं सिद्ध होतं. ती देणारी खाती बनावट होती का, हा वेगळा प्रश्न, आणि माझ्या कामात या दोन प्रश्नांची गल्लत करून चालत नाही.

बनावट खात्यांचा खरा माग घड्याळात आणि सोबतीत सापडतो. घड्याळाचं आधी सांगते. सिनेमा शुक्रवारी लागतो. खरी मतं शुक्रवारी रात्री शो सुटल्यावर यायला लागतात, शनिवार-रविवारी वाढतात, सोमवारी घसरतात. विकत घेतलेली मतं 'टार्गेट'च्या चालीने येतात. मंगळवारी सकाळी अकरा ते पावणेबारा धडाधड दहा-दहा तारे, मग शुकशुकाट, मग संध्याकाळी पुन्हा तसाच लोंढा. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने लिंक टाकली की पोरं लागतात, कोटा संपला की थांबतात. परीक्षणांच्या तारखा ओळीने वाचल्या तर हे कुणालाही दिसतं.

सोबतीचा माग मात्र आतून, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदींतूनच काढता येतो, आणि तोच सगळ्यात पक्का. खाती पुरवणारे लोक आता हुशार झाले आहेत. कालच उघडलेलं खातं पकडलं जातं हे त्यांना कळतं, म्हणून ते खाती महिनोन्‌महिने 'मुरवतात'. प्रत्येक खात्यावरून इकडच्या-तिकडच्या सिनेमांना सात, आठ, सहा असे सभ्य गुण देऊन ठेवतात आणि मग कामाच्या सिनेमाला दहा. एकटं खातं पाहिलं तर शंका येत नाही. पण त्यांना दीडशे खाती सांभाळायची असतात, म्हणून सगळ्यांना तीच सभ्य यादी वापरतात. नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या की दिसतं: एक जुना तेलुगू सिनेमा, एक भोजपुरी, दोन हिंदी आणि आपला मराठी, हाच संच शेकडो खात्यांवर. एकमेकांना न ओळखणारी एवढी माणसं नेमके तेच पाच सिनेमे पाहत नाहीत. अशी टोळी सापडली की बहुतेक ठिकाणी खाती उडवत नाहीत, त्यांच्या मताचं वजन शून्य करून ठेवतात. मत दिसत राहतं, मोजलं जात नाही, आणि विकणाऱ्याला पकडलो गेल्याचा पत्ता लागत नाही.

मजकुरावरून ओळखणं पूर्वी सोपं होतं. 'कुटुंबासोबत आवर्जून पाहावा असा', 'अप्रतिम अभिनय, दमदार दिग्दर्शन' ही वाक्यं तीस खात्यांवरून त्याच चुकीच्या वेलांटीसकट यायची. आता यंत्राकडून मजकूर लिहून घेतात, त्यामुळे भाषा स्वच्छ असते आणि प्रत्येकाची वेगळी असते. तरी एक कसोटी उरते: तपशील. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, धान निघाल्यावर मंडई आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने नाटकं लागतात. वडसाच्या नाटक कंपनीचं नाटक ठरवण्याआधी मंडळाची माणसं आधीच्या गावात विचारून येतात. 'नाटक चांगलं होतं' एवढ्यावर कुणी विसार देत नाही. लोक कुठल्या अंकाला उठले, खलनायकाला शिव्या पडल्या का, लावणी किती वेळ चालली, हे विचारतात, आणि तेही ज्याला ओळखतात त्याला. परीक्षण तसंच वाचा. प्रसंग, पात्र, खटकलेली एखादी जागा, यातलं काहीच नसेल तर ते मत धरू नका.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मग यंत्रालाच सांगावं, एका ठिकाणाहून एकदम आलेली मतं उडव. हाच उपाय मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो आपल्या गावांवर उलटतो. मोबाइल कंपन्या एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच जोडणी-क्रमांकावर, असंख्य ग्राहक बसवतात. सिंदेवाहीतला शिक्षक, राजोलीतला दुकानदार आणि एखादा भामटा यंत्राला एकाच दारातून आलेले दिसू शकतात. त्यात गावात एक फोन चार जण वापरतात, आणि ग्रामपंचायतीच्या वाय-फायवर सगळी पोरं संध्याकाळी गोळा होतात. तालुक्याच्या एखाद्या कॉलेजने बस करून मुलांना सिनेमाला नेलं, परतीच्या वाटेवर पन्नास मुलांनी फोन काढून दहा-दहा तारे दिले. खाती नवी, वेळ एक, टॉवर एक, गुण एक. यंत्राच्या लेखी हा पक्का गुन्हा. आणि प्रत्यक्षात तो गावच्या मुलाला पडद्यावर पाहिल्याचा निर्मळ आनंद. असा लोंढा आला की माणसाने उघडून बघावा असा माझा आग्रह असतो. बसमधल्या पोरांच्या मजकुरात 'आमच्या सरांनी', 'इंटरव्हलमध्ये लाइट गेली', 'तो आमच्या बाजूच्या गावचा' असलं काहीतरी असतंच. भाड्याच्या खात्यांना असं सुचत नाही.

दुसरा उपाय म्हणजे तिकीट घेतलेल्यांचंच मत धरणं. रॉटन टोमॅटोज या अमेरिकेतल्या परीक्षणांच्या संकेतस्थळाने प्रेक्षकांच्या रेटिंगसाठी २०१९ च्या मे महिन्यात हे सुरू केलं, म्हणजे ऑनलाइन तिकीट काढल्याची खात्री झालेल्यांचा गुण वेगळा. बुकमायशोवरही बुकिंग केलेल्याच्या परीक्षणावर तशी खूण दिसते. उपाय चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण तुम्हीच सांगा, आपल्याकडे तालुक्याच्या थिएटरात ऑनलाइन तिकीट काढतं कोण? खिडकीवर नोटा देऊन तिकीट घेणाऱ्याचं मत या हिशेबात येतच नाही. पाच जणांचं तिकीट एका फोनवरून काढलं तर मत एकाचंच. त्यामुळे पडताळलेला गुण म्हणजे मुख्यतः शहरातल्या मल्टिप्लेक्सचा गुण. आपल्या गावातल्या माणसाच्या खऱ्या मताला तिथे जागा नाही, आणि त्याच्या सिमकार्डाला, गुगल खात्याला मात्र बाजारात भाव आहे. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

आता पोरांचं. टेलिग्रामवर 'सिनेमाला रेटिंग द्या, घरबसल्या कमवा' म्हणून येतं त्यात दोन वेगवेगळे धंदे आहेत.

पहिला धंदा खरोखर रेटिंग विकणाऱ्यांचा. ते तुमच्याकडे पैसे मागत नाहीत. ते खातं मागतात: नंबर, त्यावर आलेला ओटीपी, कधी सिमच. पोराला वाटतं एका ओटीपीचे वीस-तीस रुपये मिळाले, काय बिघडलं? बिघडतं हे, की त्या नंबरवर उघडलेलं खातं नंतर कशाकशाला वापरलं जाईल यावर त्याचा काडीचाही ताबा राहत नाही. आज सिनेमाला तारे, उद्या त्याच खात्यावरून कुणाची फसवणूक. पोलिसांना सापडतो तो नंबर तुमच्या पोराच्या नावावर.

दुसरा धंदा निखालस लुटीचा, आणि गावागावात पोचलेला तोच जास्त आहे. त्यात रेटिंग कुठल्याही खऱ्या संकेतस्थळावर जातच नाही. एक हुबेहूब दिसणारं पान उघडतं, सिनेमांची पोस्टरं येतात, पोरगा तारे दाबतो आणि पानावर 'कमाई' वाढत जाते. पहिल्या दिवशी यूपीआयने दीडशे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. विश्वास बसतो. मग 'प्रीपेड टास्क': हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. मग पाच हजार, मग वीस. मग रक्कम 'अडकते' आणि सोडवायला 'टॅक्स' मागतात. कापूस किंवा धान विकून खात्यात आलेली रक्कम अशी दोन-तीन दिवसांत गेलेली घरं आपल्याच भागात आहेत. या प्रकारच्या 'टास्क' फसवणुकीच्या शंभराहून जास्त संकेतस्थळांवर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेच्या शिफारशीवरून डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली, पण नवी निघतच असतात.

आणि पहिल्या दिवशी आलेले ते दीडशे रुपये? ते बहुतेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी लुटलेल्या पैशांतले असतात. त्या माणसाने तक्रार केली की पैसे जिथे-जिथे गेले त्या खात्यांवर होल्ड लागतो. मग आईच्या नावाचं, योजनेचे पैसे येणारं खातं बंद पडतं आणि कारण निघतं तीन राज्यांपलीकडच्या पोलीस ठाण्यात.

कायद्याचं थोडक्यात. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे आपल्याकडे एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम असता येत नाहीत. जास्त निघाली तर पहिल्यांदा ५०,००० आणि पुढे २ लाखांपर्यंत दंड. फसवून किंवा दुसऱ्याच्या ओळखीवर सिम घेणं तर ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा. संगणकाद्वारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी खाली येतं, तिथेही ३ वर्षांपर्यंत कैद. ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. विकत घेतलेली परीक्षणं छापू नयेत, लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, असं ते सांगतं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या परीक्षणांवर थेट दंडाचा नियम लागू आहे. आपल्याकडे तसाच बंधनकारक नियम व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दंड खातं भाड्याने देणाऱ्या पोरापेक्षा काम देणाऱ्या निर्मात्याला आणि एजन्सीला बसावा. तसं पाहिलं तर दुखणं जुनंच आहे. सोनीच्या प्रसिद्धी विभागाने डेव्हिड मॅनिंग नावाचा अस्तित्वातच नसलेला समीक्षक तयार करून त्याची स्तुती जाहिरातींत छापली होती. २००१ साली ते उघडकीस आलं, आणि पुढे प्रेक्षकांच्या दाव्यात कंपनीला १५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

गावात कुणी यात अडकलं असेल तर लाजेने गप्प बसू देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. टेलिग्रामवरचा संवाद पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. खात्यावर होल्ड असेल तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा, त्याशिवाय पुढचा अर्ज करता येत नाही. घरातल्या प्रत्येकाने दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहावं. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच 'हा माझा नाही' म्हणून कळवता येतं. ओटीपी देऊन बसलेल्या पोराने आपल्या नंबरवर उघडलेली खाती परत ताब्यात घेऊन बंद करावीत.

राहिला तुमचा सिनेमा. तुमच्या भागातले कलावंत त्यात आहेत म्हणून तुम्ही गप्प आहात, हे मला समजतं. पण नव्या नटाला खोट्या दहापेक्षा खऱ्या सहाचा उपयोग जास्त होतो. त्या सहाच्या खाली काय जमलं आणि काय नाही हे लिहिलेलं असतं. म्हणून लिहा. कुठल्या शहरात, कुठल्या दिवशी पाहिला, तिकीट खिडकीवर घेतलं असेल तर तसं. कथा कुठे ढेपाळली ते लिहा, आणि आपल्या गावच्या पोराने एखाद्या प्रसंगात जीव ओतला असेल तर त्या प्रसंगाचं नाव घेऊन लिहा. पाच जण गेला होतात, पण घरात खाती दोनच असतील तर मतंही दोनच द्या. बाकीच्यांचं म्हणणं त्याच मजकुरात येऊ द्या: आईला उत्तरार्ध आवडला, बाबांना झोप लागली, लहानगा गाण्याला नाचला.